घर जुनं, दाम जागेचा

बेंगळुरूत जुनं बैठं घर विकायला निघालं की भाव ठरतो तो ‘साइट’चा, म्हणजे जागेचा. ३० बाय ४० म्हणजे १२०० चौरस फूट, आपल्या गुंठ्याहून (१०८९ चौरस फूट) थोडी जास्त. मंगलोरी कौलं, रेड ऑक्साइडची गुळगुळीत फरशी, अंगणातला नारळ यांचे वेगळे पैसे सहसा कुणी मोजत नाही. उलट पाडकामाचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी.

१८९८च्या प्लेगच्या सुमारास बसवनगुडी आणि मल्लेश्वरम आखून वसवले गेले, म्हणून तिथले रस्ते सरळ. अशा भागातलं घर खिशाला परवडेल ही आशा आता सोडा. स्वस्त मिळतं ते बहुधा ‘बी खात्या’चं, म्हणजे पालिकेच्या दप्तरी फक्त करापुरती नोंद असलेलं, आणि खरी मेख तिथेच असते. अनेकदा मुळात शेतजमीन, रीतसर मंजुरीविना पाडलेले तुकडे. घरपट्टी भरलेली असली तरी मालकी निर्वेध ठरत नाही. बांधकाम परवाना आणि बँकेचं कर्ज इथेच अडतं. विकास प्राधिकरणाची (बीडीए) साइट असेल, तर मूळ वाटपानंतरचं पक्कं खरेदीखत झालंय का, ते बघा.

किती मजले चढवता येतील, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं. टेप घेऊन जा. दलालाचा ‘तीस फुटी रस्ता’ गटारासकट मोजलेला असू शकतो. शेजारून राजकालुवे, म्हणजे पावसाळी पाण्याचा मोठा नाला, जात असेल तर सर्व्हे नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. २०१६ आणि २०२२मध्ये या नाल्यांवरच्या बांधकामांवर बुलडोझर चालले आहेत.