भरतकामात मोकळी जागा भरताना तुमचा नफा कुठे जातो?



भरतकामाची माझी पहिली ऑर्डर मी नगावर घेतली होती. ब्लाउजच्या पाठीवर एक मोर. कडेची रेषा अर्ध्या दिवसात झाली, पण पिसारा भरायला तीन दिवस गेले. ग्राहक खूश, आणि माझी मजुरीसुद्धा सुटली नाही. टाका चुकला नव्हता, भाव चुकला होता. मी डिझाइन बघितलं, भरायची जागा मोजलीच नाही.

म्हणून आज जागा भरण्याचे टाके धंद्याच्या नजरेने बघू.

सॅटिन टाका: दिसायला भारी. पण जेवढा दोरा पुढे दिसतो, तेवढाच मागे जातो. अरुंद पाकळीला उत्तम. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा रुंद जागेत टाके सैल पडतात आणि बांगडीत अडकतात.

दोरा वाचवायचाय? सुई एका कडेला खाली घातली की त्याच कडेला अगदी शेजारून वर काढा. मागे फक्त बारीक ठिपके राहतात, दोरा जवळपास निम्मा लागतो.

लांब-आखूड टाका: मोठी पाकळी, रंगाच्या छटा. वेळ सगळ्यात जास्त, म्हणून दरही जास्त सांगा.

साखळीच्या ओळी: एकाला एक लागून भरा. घट्ट बसतो, धुण्यात टिकतो. आपल्या सोलापुरी टॉवेलवर नाव घालायचं तर हा घ्या, तोही लूप नसलेल्या सपाट पट्ट्यावर. लुपांमध्ये बारीक टाका बुडून जातो.

जाळी: आडवे-उभे किंवा तिरपे लांब दोरे टाकायचे आणि प्रत्येक छेदावर छोटा टाका मारून बसवायचे. कमी दोऱ्यात मोठी जागा भरल्यासारखी दिसते. रोज धुवायच्या कपड्याला नको, शोभेच्या वस्तूला चालेल.

आपल्या शेजारच्या धारवाड भागातली कसुती बघा. इरकल साडीवर दिसते ना, तीच. तिचे चार टाके: गवंती आणि मुरगी रेषेसाठी, नेगी आणि मेंथी भरण्यासाठी. नेगी म्हणजे कापडाचे धागे मोजून घातलेला धावदोरा, तो विणल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे फुली. ती भरगच्च दिसते, पण दोराही जास्त खाते. जुन्या कारागिरांनी रेषेचं काम आणि भरण्याचं काम वेगळं ठेवलंय. आपण भाव सांगतानाही तेच करायचं.

आता गृहपाठ. प्रत्येक टाक्याचा 1 चौरस इंचाचा नमुना करा आणि घड्याळ लावा. समजा सॅटिनला 40 मिनिटं लागली, जाळीला 15. भरायची जागा 6 चौरस इंच असेल तर सॅटिनला 4 तास, जाळीला दीड तास. तुमची मजुरी तासाला 60 रुपये धरली तर 240 आणि 90 रुपये. दोरा, कापड आणि नफा वरून वेगळा. डिझाइन तेच, पण नुसत्या मजुरीत 150 रुपयांचा फरक!

हे नमुने एका कापडावर लावून दुकानात ठेवा. ग्राहक "कमी करा" म्हणाली, की दर पाडू नका. कापड पुढे करा आणि सांगा, "ताई, हेच फूल जाळीने भरलं तर तुमच्या बजेटमध्ये बसेल."

भाव कमी करायचा असेल तर टाका बदला, स्वतःची मजुरी कापू नका. नमुने झाले की तुमची मिनिटं कमेंटमध्ये नक्की लिहा.