काय बदललं, ते आधी पाहा

अब्बांनी आयुष्य लूमवर काढलं आणि मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो, अशी घरं आता सोलापुरात कमी नाहीत. सुट्टीत हुतात्मा एक्स्प्रेसने मुलगा घरी आला की अम्मी विचारते, "बेटा, आता कोड पण मशीनच लिहिते म्हणे. मग तुझं काम काय?" प्रश्न साधा आहे, पण त्यात घराची काळजी आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

कोड ही सोलापूरला परकी गोष्ट नाही. जकार्ड लूमवर चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांत असे. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने हा लूम तयार केला. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी याच कार्डांची कल्पना उचलली. एका कार्डावर छिद्र चुकलं, तर नक्षी जितक्या वेळा येते तितक्या वेळा ती चूक कापडावर उमटते. कोडचंही तसंच आहे.

आता दुकानाचं उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चादर, टॉवेल अशा तयार कापडी वस्तूंवर आधी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. समजा, विजापूर वेशीतल्या एका दुकानात बिलाचा छोटा प्रोग्राम आहे. दुकानदाराची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती एआय एजंटला सांगते, "नवे दर टाक."

नुसता चॅटबॉट उत्तर देऊन थांबतो. क्लॉड कोड किंवा कोडेक्ससारखा एजंट मात्र स्वतः फाइल उघडतो, ओळी बदलतो, प्रोग्राम चालवून बघतो आणि शेवटी म्हणतो, "काम झालं." इथेच घाई करायची नाही. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवायची. या तुलनेला प्रोग्रामर 'डिफ' म्हणतात. ही सोय १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाली. आज बहुतेक लोक 'गिट' वापरतात, जे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलं. गेलेल्या ओळीपुढे उणे, आलेल्या ओळीपुढे अधिक, असं ते दिसतं:

− किंमत १००० पेक्षा जास्त असेल, तर कर १२ टक्के
+ किंमत २५०० किंवा जास्त असेल, तर कर १८ टक्के

पाहिलंत? "पेक्षा जास्त"च्या जागी "किंवा जास्त" आलं. बरोबर २५०० रुपयांच्या चादरीवर कर १२५ रुपये हवा, तो ४५० झाला. एका चादरीमागे गिऱ्हाइकाकडून ३२५ रुपये जादा घेतले गेले असते, आणि तेही दुकानाच्या नावाने.

डिफ एक गोष्ट मात्र दाखवत नाही: जी ओळ यायला हवी होती, पण आलीच नाही. २२ सप्टेंबरच्या आधी विकलेली चादर परत आली, तर तिची क्रेडिट नोट जुन्या दरानेच करावी लागते. एजंटने जुना दर पुसून टाकला असेल, तर हे कोण पाहणार? ज्याला धंदा कळतो, तोच.

न पाहण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ मध्ये जगाने पाहिलं. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट घुसवली होती. वाटलेल्या गठ्ठ्यात एक फाइल अशी होती, जी सर्वांसाठी खुल्या असलेल्या मूळ कोडमध्ये नव्हतीच. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे ती २९ मार्च २०२४ रोजी उघड झाली.

घरात कुणी हे काम शिकत असेल, तर चार सवयी लावून घ्या:

१. एजंटला हात लावू देण्याआधी चालू आवृत्ती गिटमध्ये जपून ठेवा. बिघडलं तर परत फिरता येतं.

२. एका वेळी एकच काम सांगा. शंभर ओळींचा बदल कुणीही धड वाचत नाही.

३. एजंटने लिहिलेल्या सारांशावर थांबू नका, डिफ स्वतः वाचा. न सांगितलेली ओळ बदलली असेल, तर कारण विचारा. एजंटकडूनच तुलना करून घेतली तरी शेवटची नजर आपली हवी.

४. काठावरचे आकडे तपासा: २४९९, २५०० आणि २५०१.

तर अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर असं: मशीन ओळी लिहील, पण "हे बरोबर आहे" म्हणून सही माणसालाच करावी लागेल. गिऱ्हाइकाचा हिशेब ही अमानत आहे, आणि ती एजंटवर सोपवून मोकळं होता येत नाही. अब्बाही चादर गठ्ठ्यात बांधण्याआधी उजेडात धरून पाहायचेच ना?