एक वर्ष पुढे असलेला सोबती

दरसाल महाविद्यालये उघडली की टिळकवाडीत पालकांची वर्दळ सुरू होते. राणी पार्वतीदेवी महाविद्यालय, गोगटे वाणिज्य महाविद्यालय येथे खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूंची मुले-मुली मोठ्या आशेने प्रवेश घेतात. आपले सभासद बंधूही मुलांची फी भरतात, पुस्तके घेऊन देतात आणि कर्तव्य पार पडले असे मानून पेढीवर परततात. वस्तुतः खरी अडचण त्यानंतरच सुरू होते.

शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाच्या कानांवर एकाएकी इंग्रजी व्याख्यानांचा वर्षाव होतो. शंका विचारावी तर वर्ग हसेल ही धास्ती, न विचारावी तर पुढील धडा कळेनासा होतो. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याचा मुलगा तोंडी हिशेबात तरबेज होता. पण पहिल्याच सत्रात संख्याशास्त्रात अडला आणि दिवाळीच्या सुट्टीस घरी गेला तो परत आलाच नाही. त्याला बुद्धी कमी नव्हती. निःसंकोचपणे विचारावे असे कोणी जवळ नव्हते, एवढेच.

आपल्या धंद्यात हे आपण पूर्वापार जाणतो. धान्याच्या पेढीवर नवा मुलगा आला म्हणजे त्याला शेटजी स्वतः शिकवीत नाहीत. पोत्यातून नमुना कसा काढावा, तळहातावर दाणा घेऊन ओल कशी ओळखावी, रोजमेळातील रक्कम खतावणीत कोठे न्यावी, हे त्याला दोन वर्षे अगोदर लागलेला मुलगा सांगतो. शेटजी आपली पहिली अडचण केव्हाच विसरलेले असतात. त्या मुलाला मात्र ती अजून आठवत असते.

हेच तत्त्व शिक्षणातही जुने आहे. मद्रास येथे लष्करी अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या डॉ. अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि लहानांना शिकविण्याचे काम मोठ्या मुलांकडे सोपविले. त्याचा वृत्तान्त त्यांनी १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला व ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली. विलायतेस पोहोचलेल्या या पद्धतीचा उगम असा आपल्या देशातला आहे.

अलीकडच्या काळात अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डीॲना मार्टिन या बाईंनी १९७३ साली नवी योजना आखली. त्यांनी ‘कच्चे विद्यार्थी’ निवडले नाहीत, तर कठीण विषय निवडले. तो विषय पूर्वी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच व्याख्यानांस बसतो आणि मागाहून सर्वांना घेऊन उजळणी करवितो. विषयच अवघड ठरल्यामुळे तेथे येणाऱ्यास कमीपणा वाटत नाही. या योजनेचे मर्म आम्हांस यातच दिसते.

आपल्याकडेही नियमाची उणीव नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरुद्ध जे विनियम केले, त्यांत दर सहा नवागतांमागे एक स्वेच्छेने पुढे आलेला ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक असावा, अशी तरतूद आहे. ज्येष्ठाच्या हातून छळ होऊ शकतो, तसा आधारही मिळू शकतो. तो हात कोणत्या कामी लावावयाचा हाच प्रश्न आहे.

पूर्वी हे काम वसतिगृहे न बोलता करीत असत. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, एकत्र स्वयंपाक करून शिकली. अशा ठिकाणी शेजारच्या अंथरुणावरील मोठा मुलगा हाच पहिला मार्गदर्शक. आज खानापूरहून रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्या, अथवा भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या मुलास तो शेजार लाभत नाही. म्हणून तो आता जाणीवपूर्वक जुळवून द्यावा लागेल.

यास्तव आमची नम्र सूचना अशी. सभासद कुटुंबांतील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील मुला-मुलींची यादी संघाने करावी. प्रत्येकाकडे पहिल्या वर्षाची सहापेक्षा अधिक मुले देऊ नयेत. मुलींना ज्येष्ठ मुलगीच सोबतीण द्यावी. निदान दिवाळीपर्यंत आठवड्यास एक तास त्यांनी एकत्र बसावे. संघाची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने हा तास आपले ऋण मानून द्यावा. मात्र ज्येष्ठाने उत्तरे लिहून देऊ नयेत, आपल्या वह्या उतरवून घेण्यास देऊ नयेत. वाट दाखवावी, चालावयाचे ज्याचे त्यानेच. आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे दिसले, तर विनाविलंब प्राध्यापकांस व पालकांस कळवावे.

यात ज्येष्ठाचाही तोटा नाही. दुसऱ्यास समजावून सांगताना आपले ज्ञान पक्के होते, हे नव्या मुलास खतावणी शिकविणारा प्रत्येक गुमास्ता जाणतो.

शिष्यवृत्तीसाठी आपण दरवर्षी पैसा उभा करतो, ते योग्यच आहे. परंतु फी भरली गेली आणि मुलगा दिवाळीत घरी परतला, तर तो पैसा व त्या मुलाचे वर्ष दोन्ही बुडीत खाती जमा होतात. आठवड्याच्या एका तासाने ते वाचणार असेल, तर याहून स्वस्त सौदा आमच्या पाहण्यात नाही.