सुरतेचा घोटाळा आणि उलगडलेली प्रथिनं

अंडी खात असाल तर सुरतेत रात्री एखाद्या लारीवर 'घोटाळा' मागाच. उकडलेली अंडी किसून हिरव्या मसाल्यात, सढळ हाताने बटर घालून परततात, वर हाफ-फ्राय सोडतात आणि सगळं एकजीव करतात. मला यात रसायनशास्त्र दिसतं. (सोबतचे वैतागतात, असो.)

अंड्यातलं प्रथिन म्हणजे घट्ट गुंडाळलेला धागा. उष्णतेने गुंडाळी सुटते, तेच डीनेचरेशन. मोकळे धागे एकमेकांत अडकले की पारदर्शक बलक पांढराशुभ्र होतो. त्यातली काही प्रथिनं ६०-६२ अंश सेल्सिअसलाच आळू लागतात. सर्वांत मुबलक ओव्हाल्ब्युमिनला मात्र ८०च्या आसपास तापमान लागतं. म्हणून हाफ-फ्राय थलथलतो आणि उकडलेलं अंडं चक्क किसता येतं.

धागा तुटत नाही, नुसता उलगडतो. तोडायचं काम जठरातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन ही विकरं (एन्झाइम्स) करतात. उलगडलेल्या धाग्यावर त्यांचा हात पटकन पोचतो. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं, तर शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के! शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातलं अविडिन हे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं. दुधात कच्ची अंडी फोडून पिणाऱ्या पैलवानांनो, वाचताय ना?

सुरतेचं टोपली पनीर मात्र वेगळंच प्रकरण. तिथे रेनेटमधलं विकर दुधातल्या प्रथिनाचा एक तुकडाच छाटतं. त्यावर पुढच्या पोस्टमध्ये.