सोकामधला 'क' आपला आहे!

आज जायचंय त्रिनिदादला. ब्राव्हो, पोलार्ड यांचा देश. तिथल्या कार्निव्हलमध्ये जे धमाल नाचगाणं चालतं ना, ते 'सोका'. मला त्याच्या नावाचीच गोष्ट सांगायचीय.

आधी थोडा इतिहास. त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. त्यांच्या वंशजांनी कॅलिप्सो घडवलं. १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने ढोलांवर बंधनं घातली, तर लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन आलं. (त्यावर एक अख्खा एपिसोड होईल!) १८३८ला गुलामी पूर्ण संपली आणि १८४५पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त. बहुतेक भोजपुरी बोलणारे. सोबत ढोलक होतीच, आणि धंताल: लांब लोखंडी सळई, तिच्यावर नालेच्या आकाराच्या तुकड्याने ठोकायचं.

शेजारी राहूनही दोन्ही समाजांत अंतर होतं. राजकारणात ते आजही दिसतं.

लॉर्ड शॉर्टी हा आफ्रिकी वंशाचा गायक भारतीय वस्तीच्या भागात वाढला. सत्तरीच्या दशकात रेगे जोरात होतं, कॅलिप्सो मागे पडतंय असं त्याला वाटलं. म्हणून १९७३च्या 'इंद्राणी'त त्याने ढोलक, धंताल आणले. लोक भडकले! कॅलिप्सो बिघडवतोय म्हणाले.

मग पठ्ठ्याने काय केलं? वाद्यं काढली, ताल ठेवला. ढोलकीचं काम ड्रमसेटला दिलं, धंतालची किणकिण इतर वाद्यांना. लोक नाचायला लागले. ताल कुठून आलाय, हे कुणाला जाणवलंही नाही.

नावाचंही तसंच. त्याचं स्पेलिंग होतं एस-ओ-के-ए-एच. 'सो' कॅलिप्सोमधला, आणि 'का' म्हणजे आपल्या बाराखडीतला पहिला क. पेपरात छापताना 'के'चा 'सी' झाला, शेवटचा 'एच' गळला. मग अर्थ रूढ झाला 'सोल अधिक कॅलिप्सो', म्हणजे अमेरिकन सोल! मला हे जास्त लागतं. वाद्यं त्याने स्वतः काढली होती, अक्षर नाही.

आता हेडफोन लावा. आधी 'इंद्राणी' ऐका, मग १९७४चं 'एन्डलेस व्हायब्रेशन्स'. दुसऱ्या गाण्यात गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका आणि ढोलक सापडते का बघा.