दिवाळीची कुंडी आणि घरातलं मांजर

चंडीगड शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांचा, झाडांची आखणी एम. एस. रंधावांची. अशा गावात दिवाळीला काजूकतलीऐवजी कुंडी घेऊन जाणं शोभतंच. घेताना आपण शुभ काय ते आवर्जून विचारतो. त्या घरी मांजर आहे की कुत्रा, हे मात्र विचारत नाही.

शुभ म्हणून हमखास दिले जातात ते लकी बांबू, जेड आणि मनी प्लांट. तिन्ही प्राण्यांना बाधतात. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूच्या फदफद्यात चिंच घालायची राहिली की घसा खाजतो, त्याचं कारण हेच. पान चावलेलं मांजर लाळ गाळतं, ओकतं, पण बहुधा निभावतं.

लिलीचं तसं नाही. पुष्पगुच्छातली सुवासिक लिली आणि बागेतली डे-लिली मांजराच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. पान खायलाही नको. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी पुरतं. पहिल्या दिवशी नुसती उलटी, मग जनावर जरा सावरल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं थांबतात. साधारण १८ तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली. म्हणून उलटीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पीस लिली मात्र अळूच्या कुळातली. तिने तोंड पोळतं, मूत्रपिंड जात नाही.

कुत्र्यांचा काळ म्हणजे सायकस, बंगल्याच्या फाटकाशी दिमाखात उभा असणारा. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. यकृत निकामी होतं.

उलट पॉइन्सेटियाची बदनामी फुकटची. १९१९ साली हवाईत एका मुलाच्या मृत्यूचं खापर त्यावर फुटलं. ती गोष्ट ऐकीव निघाली, पण वदंता शंभर वर्षं टिकली. त्याच्या चिकाने पोट थोडं बिघडतं, इतकंच.

चंडीगडला दोन फुलांचं कौतुक. डिसेंबरात सेक्टर ३३च्या टेरेस्ड गार्डनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन भरतं, तर सेक्टर १६ची झाकीर हुसेन गुलाबबाग १९६७पासूनची. मांजराच्या घरी यांतला गुलाबच न्यावा. शेवंती चघळली तर उलट्या, जुलाब होतात, तोल जातो, कातडीही चुरचुरते. गुलाबाला काटे आहेत, पण विष नाही. सावलीच्या फ्लॅटसाठी अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न किंवा कलाथिया. फॅलेनॉप्सिस ऑर्किड महाग पडतं, पण मला विचाराल तर भेट म्हणून तेच खुलतं. ही सगळी झाडं निर्धोक आहेत. अर्थात स्पायडर प्लांटची लोंबती पानं मांजर कुरतडणारच आणि भरपूर खाल्ली तर ओकणारही. त्याला विषबाधा म्हणायची नाही.

झाड निर्धोक असलं तरी कुंडीतली माती निर्धोक असेलच असं नाही. खत म्हणून मिसळलेल्या एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष उरलेलं असू शकतं आणि तिच्या वासावर कुत्रं तुटून पडतं. हाडांच्या चुऱ्याचीही कुत्र्यांना अशीच ओढ. तो भरपूर खाल्ला तर पोटात गोळा होऊन बसतो. म्हणून नर्सरीवाल्याला झाडाच्या नावाबरोबर खत कोणतं घातलंय तेही विचारावं. नीट सांगता आलं नाही, तर साध्या शेणखताच्या मातीत कुंडी पुन्हा भरून मागावी.