घरी शिकणारे मूल आणि कायदा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले तर चालते का, हा प्रश्न पालक अधूनमधून शिक्षकांना विचारतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, मुले घरी बसून शिकू लागली, तेव्हा हा प्रश्न अनेक घरांत बोलला गेला. त्यावर एक शिक्षक म्हणतात, ‘खुशाल शिकवा’. दुसरे म्हणतात, ‘तो गुन्हा आहे’. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. म्हणून आपण आधी कायद्याचे शब्द नीट पाहू आणि मग ते परंड्यासारख्या तालुक्यात कोणत्या मुलाला कसे लागू पडतात याचा विचार करू.

कायद्याचे शब्द

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दोन गोष्टी आल्या. कलम २१-अ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणे ही राज्याची जबाबदारी झाली. कलम ५१-अ मध्ये पालकांसाठी एक मूलभूत कर्तव्य घातले गेले: आपल्या ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी मिळवून देणे. येथे ‘शिक्षणाची संधी’ असे शब्द आहेत, ‘शाळा’ हा शब्द नाही.

पुढे २००९ मध्ये बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मात्र शब्द बदलतात. पाल्याला प्राथमिक शिक्षणासाठी शेजारशाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे राज्यघटना शिक्षण मागते आणि अधिनियम दाखला मागतो. घरी शिकवण्याविषयीचा सगळा गोंधळ या दोन शब्दांमधल्या अंतरातून निर्माण होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला अधिनियमाने कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. आठव्या कलमात ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. तो पाहिला तर सक्तीचा रोख सरकारवर आहे: प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे याची खात्री सरकारने करायची आहे. नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांची नोंद ठेवण्याचे काम सोपवले आहे.

आपल्याकडे सक्तीचा अर्थ नेहमी असाच नव्हता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी तो दंड गरिबाला जाचक होता. आजच्या कायद्याने दंडाची वाट सोडून दिली आणि भार शासनाच्या खांद्यावर ठेवला.

तर मग उत्तर काय? स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकाला तुरुंगाची किंवा दंडाची भीती नाही. पण त्याच्या घरातील शिक्षणाला प्राथमिक वर्गांपुरती कायद्याची स्पष्ट मान्यताही नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात, घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती. पुढे त्या भूमिकेपासून सरकार मागे हटले. कायद्याचे शब्द मात्र तेच राहिले.

एक मर्यादा मात्र काटेकोर आहे. आपल्या मुलांना घरी शिकवणे वेगळे आणि दहा घरची मुले जमवून शाळा चालवणे वेगळे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर अठराव्या कलमाप्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत.

इतर देश काय करतात?

इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्याने पालकांवर मुलाला वयानुरूप, पूर्णवेळ आणि परिणामकारक शिक्षण देण्याचे कर्तव्य घातले आहे. ते शाळेत नियमित पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ पार पाडता येते. एवढ्या दोन-तीन शब्दांवर तेथील घरचे शिक्षण उभे आहे. जर्मनीत याच्या उलट. तेथे शाळेतील हजेरीच सक्तीची आहे. काही पालक या सक्तीविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले, पण २००६ आणि २०१९ मध्ये न्यायालयाने जर्मनीच्याच बाजूने निर्णय दिले. मुलांनी निरनिराळ्या घरांतील मुलांबरोबर वाढावे, यात समाजाचेही हित आहे, असा तेथील युक्तिवाद आहे. अमेरिकेत सर्व राज्यांत घरी शिकवता येते, पण नियम राज्यागणिक वेगळे. आपला कायदा यांपैकी कोणत्याच टोकाला नाही: ‘किंवा अन्य प्रकारे’ असे तो म्हणत नाही आणि घरी शिकवले म्हणून शिक्षाही करत नाही.

घरी असलेली तीन प्रकारची मुले

परंडा तालुक्यात सहा ते चौदा वयाचे एखादे मूल शाळेत दिसत नाही, असे समजा. हजेरीपटावर त्याच्या नावापुढची जागा रिकामी. पण त्या रिकाम्या जागेचे अर्थ तीन असू शकतात आणि प्रत्येकाला कायदा निराळा आहे.

पहिले मूल तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेले. २०१२ च्या दुरुस्तीने अशा बालकाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय हक्क म्हणून दिला आहे. येथे ‘हक्क’ आणि ‘पर्याय’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. मूल अपंग आहे म्हणून शाळेने त्याला घरी बसा असे सांगणे या तरतुदीत बसत नाही. निवड कुटुंबाची आहे, आणि घरी शिकायचे ठरले तरी शिक्षण पोहोचवण्याची जबाबदारी व्यवस्थेचीच राहते.

दुसरे मूल आईवडील विचारपूर्वक घरी शिकवतात ते. अशी कुटुंबे थोडी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

तिसरे मूल ऊसतोड कामगाराचे. धाराशिव जिल्ह्यातून (पूर्वीचा उस्मानाबाद) दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ते फडात जातात तेव्हा थोरल्या मुलीने कोपीवर धाकट्याला सांभाळायचे, पाणी भरायचे. हे मूल घरीही नाही आणि शिकतही नाही. कुटुंबाला मदत करण्याची मुभा बालकामगार कायद्यात २०१६ पासून आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. शाळा बुडवून काम करण्याला तेथे आधार नाही.

या तिसऱ्या मुलासाठी कायद्याने पुष्कळ दारे उघडी ठेवली आहेत. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. वर्षात केव्हाही प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणाने मुलाला परत पाठवता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे. महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहे आणि गावाबाहेर जाणाऱ्या मुलाबरोबर द्यायचे शिक्षण हमी पत्रक अशा सोयीही आहेत.

कागदांची साखळी

दुसऱ्या मुलाकडे पुन्हा वळू, कारण सल्ला मागायला त्याचेच पालक येतात. चौदा वर्षांपर्यंत कोणी फारसे विचारत नाही; अडचण पुढे सुरू होते. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवलेल्या, घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीची बातमी २०१६ मध्ये गाजली. तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीत मात्र बारावीच्या प्रमाणपत्रावाचून तिला दार बंद होते.

म्हणून घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांना पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात. जन्माचा दाखला जपून ठेवावा. मूल पूर्वी शाळेत गेले असेल तर शाळा सोडल्याचा दाखला हरवू नये, कारण राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची तर सतरा नंबरच्या फॉर्मबरोबर तो लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची येथे अडचण होते. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे. १४ वर्षे पूर्ण झाली की तेथे दहावीला नाव नोंदवता येते. आठवीचे प्रमाणपत्र नसले तरी, हा अभ्यासक्रम पेलण्याइतके शिक्षण झाले आहे असे स्वतः लिहून दिलेले चालते. दहावी मराठी माध्यमातून देता येते आणि विषय थोडे थोडे करून पाच वर्षांत पुरे करता येतात. याशिवाय महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी व आठवीच्या परीक्षा घेते. पाचवीसाठी १० आणि आठवीसाठी १३ वर्षे पूर्ण असावी लागतात.

नोंद कशाची घेतो?

विज्ञानात आम्हांला एक सवय लागलेली असते. एखादे उपकरण आकडा दाखवते तेव्हा ते नेमके काय मोजते आहे, हे आधी विचारायचे. तापमापी ताप मोजते, आजार नव्हे. हजेरीपट हेही असेच उपकरण आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. अशा मोजणीत घरी बीजगणित सोडवणारा मुलगा आणि कोपीवर भावंड सांभाळणारी मुलगी एकाच रकान्यात पडतात. आणि जिचे नाव पटावर आहे पण जी चार महिने फडावर आहे, ती मुलगी दाखल विद्यार्थिनींच्या रकान्यात शिरू शकते. उपकरण बिघडलेले नाही. ते दाखला मोजते, शिकणे मोजत नाही.

ही उणीव कायद्याचा मजकूर भरून काढू शकत नाही. शिक्षक भरून काढू शकतो. गैरहजर मुलाच्या घरी गेल्यावर ‘नाव कुठे आहे?’ याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत: मूल दिवसभर काय करते, आणि गेल्या महिन्यात ते कोणती नवी गोष्ट शिकले? मुलालाच चार ओळी वाचायला द्याव्यात, बाजारहाटाचा एक हिशेब घालावा. घरी खरोखर शिकणारे मूल दहा मिनिटांत ओळखू येते. त्याच्या पालकांना कागदांची साखळी समजावून द्यावी आणि शाळेचे दार केव्हाही उघडे आहे असे सांगावे. पण उत्तरात धाकटे भावंड, पाणी आणि ऊस आला, तर तो घरच्या शिक्षणाचा मामला नाही. टोळी गाव सोडण्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास त्या घरी जायला हवे. तेव्हा गेले तर वसतिगृहाची सोय लावता येते आणि हमी पत्रक भरून देता येते. गाडी निघून गेल्यावर हजेरीपटावर नुसता शेरा मारायचा उरतो.